कुंकवातलं माप

"म्हंजी पायात बूट असणार, पण अनवाणी हाय असं वाटणार?" काशीबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"बरोबर," शेखर म्हणाला.

"मंग बूट काढ की रे. फुकटात वाटंल."

शेखरने भावनाकडे पाहिलं. बायको हायस्कुलात विज्ञान शिकवायची, त्यामुळे असल्या वेळी तिनेच बोलायचं असं घरात ठरून गेलं होतं. भावना म्हणाली, "आई, साध्या बुटात बोटं आवळली जातात. या बुटात प्रत्येक बोटाला हातमोज्यासारखा वेगळा कप्पा असतो." काशीबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि एवढंच विचारलं, "आन् काटा गेला तर कंच्या कप्प्यात शोधायचा?"

दोन हजार नऊ सालची गोष्ट. मुरबाडच्या बाजारात शेखरची व्यायामशाळा होती आणि पहाटे तो वैशाखरे गावाच्या अंगाला जाऊन डोंगरवाटांनी पळायचा. असले बूट तेव्हा मुंबईतही कुठे दिसत नव्हते. त्याचा मावसभाऊ अनिल अमेरिकेहून पाठवणार होता, पण कुठले पाठवायचे यावर महिनाभर फोन चालू होते. तळ अगदी पातळ घेतला तर वजन उचलताना पाय जमिनीला घट्ट धरतो, पण डोंगरात खडा थेट मेंदूपर्यंत जातो. जाड घेतला तर खडा लागत नाही आणि जमीनही लागत नाही. शेवटी भावनाने निकाल दिला: जोड एकच, टाच सपाट, तळ मध्यम आणि त्यावर खोल नक्षी. अनिल म्हणाला, "वहिनी, बोटांच्या बुटात माप जरासुद्धा चुकून चालत नाही. तळव्याचा स्वच्छ ठसा घ्या आणि फोटो पाठवा."

शनिवारी सकाळी भावना ठसा घ्यायला बसली. पेन्सिलीने पायाची कड मिळाली, पण तळव्याची कमान मिळेना. पाण्याचा ठसा फोटो काढण्याआधीच वाळला. शाळेतून आणलेलं शाईचं पॅड कोरडं निघालं. घरात कुंकू मात्र भरपूर होतं, कारण दुसऱ्या दिवशी नणंदेचा, नम्रताचा, साखरपुडा होता. भावनाने कुंकू तेलात कालवलं, शेखरच्या तळव्यांना लावलं आणि त्याला पांढऱ्या कागदावर उभं केलं. ठसा इतका सुंदर आला की ती थोडा वेळ नुसती पाहत राहिली. डाव्या अंगठ्याची कड तेवढी फिकट होती. मांजराचा पाय पडू नये म्हणून तिने कागद देवघरात पाटावर वाळत ठेवला आणि ती शाळेत गेली. नव्या बुटांआधी पायांना सवय हवी म्हणून शेखर अनवाणीच डोंगराकडे पळाला. मोबाइल त्याने चार्जिंगला लावून ठेवला होता.

"वहिनी, उद्यापर्यंत घरात कोणी शिंकूसुद्धा नका," सकाळीच खरेदीला निघताना नम्रता म्हणाली होती. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. शहापूरचा दिपेश तिला पसंत होता, त्याला ती पसंत होती, इकडून काशीबाई आणि तिकडून दिपेशचे वडीलही राजी होते. प्रश्न दिपेशच्या आजीचा, ताराबाईंचा होता. त्यांनी नातवाची एक सोयरीक मांजर आडवं गेलं म्हणून मोडली होती आणि दुसरी पाहुण्यांसमोर कळशी कलंडली म्हणून.

तिसऱ्या तासाला भावना प्रकाशाचं वक्रीभवन शिकवत होती. शिपाई धाऊ दारात येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"बाई, पिशवी घ्या आन् चला."

"का? काय झालं?"

"शेखरदादा..." धाऊने हातातली टोपी चुरगळली. "डोंगरात पडलं. ऱ्हायलं नाय."

भावनाच्या हातातला खडू कधी खाली पडला ते तिला कळलं नाही. धाऊने तिला रिक्षात बसवलं. रस्ता, दुकानं, माणसं, सगळं पाण्याखाली असल्यासारखं तिला दिसत होतं. तिने कसंबसं विचारलं, "कोणी... कोणी पाहिलं?"

"पडताना कोनी नाय बघितलं. पन पावलं घेतली ना, बाई. काशीमावशी दळण घेऊन आल्या तं देवघरात पाटावर मयताची पावलं. पांढऱ्या कागदावर, कुंकवात."

घरातलं माणूस गेलं की त्याच्या पावलांचे कुंकवातले ठसे घेऊन जपायचे, ही काशीबाईंच्या घरची रीत. त्यांच्या सासऱ्यांचे ठसे माजघरात काचेत लावलेले होते. भावना दर रविवारी ती काच पुसायची.

तिचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"धाऊ, डाव्या अंगठ्याची कड जराशी फिकट आहे का?"

"व्हय! समदी तेच म्हणतात. म्हणं पायात रगतच ऱ्हायलं नव्हतं."

पुढचं लोकांनी रीतसर ताडलं होतं. पावलं घरात आहेत, म्हणजे देह घरी आला होता. आता घरात नाही, म्हणजे पोलिसांनी तो सरकारी दवाखान्यात नेला. म्हणून गल्लीतले पुरुष दवाखान्यात गेले. तिथे असं कोणी आणलेलंच नाही म्हटल्यावर, देह परस्पर कल्याणला हलवला, असं ठरवून त्यांतले निम्मे जीप पकडून कल्याणला गेले.

रिक्षा घरापाशी आली तेव्हा दारात ही गर्दी. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणींनी पिठल्याची पातेली आणि भाकऱ्यांच्या चवडी आणून ओट्यावर ठेवल्या होत्या. काशीबाईंनी सुनेच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"आई, रडू नका. ते जिवंत आहेत."

"धक्का बसलाय पोरीला," शेजारची सकुबाई म्हणाली. "पानी पाजा."

"अहो, मीच घेतली ती पावलं! सकाळी! बुटांसाठी!"

"बुटांसाठी!" सकुबाईने तोंडाला पदर लावला.

"बोटांचे बूट असतात. प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा..."

"आगो, डोक्यावर परिणाम झाला हिच्या! वारा घाला!"

चार पदर एकदम हलू लागले. भावना जितकं नीट समजावून सांगत होती तितका वारा वाढत होता. तेवढ्यात नम्रताने तिला हाताला धरून बाजूला ओढलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वहिनी, कोणीतरी शहापूरला फोन केलाय."

ती पुढे काही बोलायच्या आत दारात जीप थांबली. आधी दिपेशचे वडील सावळाराम उतरले, मग दिपेश, आणि मग दोघांच्या खांद्यांवर भार टाकत, काठी टेकत, थोराड हाडापेराच्या ताराबाई.

आणि नेमक्या त्याच वेळी शेताच्या बांधावरून शेखर पळत आला.

अंगभर धूळ, चेहरा राखेसारखा, पाय अनवाणी आणि तळवे लालभडक. गर्दी बघून तो थबकला. मग त्याला भाकऱ्या दिसल्या.

"आई, साखरपुडा आजच हाय काय? मला जाम भूक लागलीय."

मग कोणीतरी किंचाळलं, "पाय बघा! उलटं हायत का बघा!" सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. पाय सुलटे होते, पण कुंकवाने माखलेले. सकुबाई जागच्या जागी बसली आणि तशीच आडवी झाली. पुरुष जीपच्या मागे गेले. त्यांत सावळाराम सगळ्यांच्या पुढे होते. दिपेश तेवढा नम्रताच्या पुढे येऊन उभा राहिला, पण त्याचेही डोळे मिटलेले होते.

ताराबाई मात्र काठी टेकत थेट शेखरपाशी गेल्या. त्यांनी काठीचं टोक त्याच्या पावलावर ठेवलं आणि चांगलं दाबलं.

"लागतंय का रे?"

"लागतंय, आजी! उचला ना!"

"जिता हाय," ताराबाईंनी जाहीर केलं. "कागद कुठाय?"

भावनाने कागद आणला. नम्रता खांबाला धरून उभी होती. मांजर आणि कळशी यांच्यापुढे मयताची पावलं म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायला नको होतं. भावनाने सगळं पहिल्यापासून सांगितलं: बूट, बोटं, कमान, कोरडं पॅड. वर्गात सांगते तसं, सावकाश. ऐकून झाल्यावर ताराबाई ओट्यावर बसल्या आणि त्यांनी चपला काढल्या.

"बघ गो पोरी. जल्म भाताच्या चिखलात गेला. बोटं अशी पांगली की एक चप्पल धड बसत नाय. दुकानदार म्हणतो, आजी, बाप्याचं जोडं घाला." असं म्हणत त्यांनी कागद खाली ठेवायला लावून आपलं पाऊल शेखरच्या ठशावर टेकवलं.

भावना वाकली. टाच टाचेवर, अंगठा अंगठ्यावर. करंगळी तेवढी तांदळाच्या दाण्याइतकी बाहेर होती.

"बसतंय," ती नकळत म्हणाली.

"दिसतंय मला." ताराबाईंनी सावळारामला हाक मारली. "गाडीमागनं ये भाईर! साखरपुडा उद्याच करायचा. मेलेला मानूस पायानी चालत दारात आला, ह्याच्यापरीस बरा शकून कंचा? पन मला मानाची साडी नको. पेटीत पडल्यात पुष्कळ. मला ह्ये बोटांचं जोडं द्या."

"आजी," शेखर घाईघाईने म्हणाला, "ते बूट डोंगरात पळायला असतात. अनिल एकच जोड..."

"आमच्याकं डोंगर नाय वाटतं?"

"तसं नाही, पण माझं माप..."

"माप तं बसलं. तुझी बायकूच बोल्ली."

शेखरने भावनाकडे पाहिलं. भावना कागदाकडे पाहत राहिली. त्याने नम्रताकडे पाहिलं. तिने मुकाट्याने हात जोडले. काशीबाईंनी डोळे पुसले आणि लेकाच्या पाठीत कोपर मारलं. "हो म्हण रे. तुला तं अनवाणीच पळायचं व्हतं."

शेखर हो म्हणाला.

मग पंगत बसली. आणलेलं पिठलं वाया घालवायचं नाही यावर दोन्हीकडच्यांचं एकमत झालं. ताराबाई भाकरी मोडत मोडत भावनाला विचारत होत्या, तसल्या जोड्यात हिरवा रंग येतो का. दिपेश नम्रताच्या समोरच्या ओळीत बसून उगाच पाणी मागत होता. शेखरने मात्र घासाला हात लावला नव्हता. तो भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

एव्हाना सकुबाई शुद्धीवर आली होती. तिने एकवार शेखरकडे निरखून पाहिलं आणि भावनाच्या कानाशी लागून म्हणाली, "आता मातर घरात कोनीतरी गेल्यावानी दिसतंय गो."