पारड्यातली शिदोरी

आमच्या घाटकोपरच्या चाळीत एखादीला दिवस गेले, की तात्या सावंत तिला तोलायला लाकडाच्या वखारीत घेऊन जात. दवाखान्यातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "त्या काट्याक पारडा खंय हा?" म्हणायचे. वखारीत साखळ्यांना टांगलेलं मोठं पारडं होतं. त्यावर तात्या स्वतःची गोधडी अंथरायचे. एका बाजूला आपण मांडी घालून बसायचं, दुसऱ्या बाजूला तात्या वजनं चढवणार, आणि वखारवाला शेठ "बेन, संभाळीने" म्हणत साखळी धरणार.

तात्या गिरणीत कापसाचे गठ्ठे तोलायचे. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, पण तोलायची सवय काही सुटली नाही. एखादी "तात्या, किती जाडी झाले हो!" म्हणून रडकुंडीला आली, की ते वाढलेल्या वजनाची वाटणी करून द्यायचे. "ह्या बाळाचा. ह्या पाण्याचा. ह्या नव्या रगताचा. आणि उरला ती चरबी नाय गो, शिदोरी! उद्या दुधाक लागतली." शेवटी ठरलेलं वाक्य, "वजन खोटा बोलना नाय."

माझा नंबर लागला तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. माहेरी काय, सासरी काय, मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. सासूबाईंना माझं कौतुकच होतं, पण माझं वजन काही केल्या वाढेना. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "सातव्यात पारडं हललं तर बस परीक्षेला. नाहीतर पुस्तकं बंद, गावी जाऊन मुकाट आराम करायचा."

तेव्हापासून तात्या रोज उकड्या तांदळाची पेज घेऊन यायचे आणि भांडं रिकामं होईपर्यंत समोरून हलायचे नाहीत.

सातव्यात ओटी भरली आणि तशीच, हिरव्या साडीत, आमची वरात वखारीत. पारडं धाडकन खाली गेलं. तात्या वजनावर वजन चढवत ओरडले, "वाढला गो, वाढला! मेल्यांनो, साखर आणा!" सासूबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. मी हसत उठले, तर पदरातला नारळ घरंगळत थेट तात्यांच्या पायाशी. मागोमाग तांदूळ, सुपाऱ्या, खारका. ओटी काढून ठेवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं!

शेठ खो खो हसला. तात्या हसले नाहीत.

"सगळा काढ. परत बस."

ते एकेक वजन उतरवू लागले. सासूबाईंचा चेहरा पडत चालला. मागच्या महिन्याच्या वजनाशी येऊन तात्या थांबले. माझं पारडं हळूच खाली झुकलं. थोडंसंच, पण खाली.

"पेपर कधी आसा सुनेचो?" तात्यांनी सासूबाईंना विचारलं.

"बसू दे बाई परीक्षेला," म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

परतताना मी चिडवलं, "काय तात्या, एवढे गठ्ठे तोललेत आणि नारळ दिसला नाही?"

"दिसूक नाय." नारळ त्यांच्याच काखेत होता. "पारडा खाली गेला, आणि माका दुसरा काय दिसूकच नाय."

थोडं चालून म्हणाले, "माझ्या बायकोक सातवो होतो. ती गावाक, मी हयसर गठ्ठे तोलीत होतंय. ती सुकत गेली, आणि एक दिस गेलीच. तिका कोणी एकदा तोलून बघूक नाय गो."

मी नारळ घ्यायला हात पुढे केला.

पुढे मी पास झाले, लेकही धडधाकट झाली. आमच्या घराण्यातली पहिली पदवी तात्यांच्या पेजेवर उभी आहे, हे मी आजही मान वर करून सांगते. त्या दिवशी मात्र तात्यांनी नारळ या काखेतून त्या काखेत घेतला आणि म्हणाले,

"चल बेगीन. पेज निवतली."