घरोघर नागूतात्या

कडाव आणि कळंबच्या घरांत इंटरनेट आणि त्यावरचे फोन पुरवणारा ओमकार राउटरला हात लावण्याआधी चपला काढत असे. केसाएवढ्या काचेच्या तारेतून दोन गावांचं बोलणं एका टनेलात, म्हणजे इंटरनेटमधल्या एका बंदिस्त वाटेत, शिरतं आणि पलीकडे ज्याचं त्याला बिनचूक पोहोचतं, याचं त्याला अजून नवल वाटे. आणि नवल वाटावं अशीच ती गोष्ट आहे. त्या सकाळी कंपनीने त्याला कळवलं, की यापुढे टनेलात शिरणाऱ्या प्रत्येक फोनवर तो करणाऱ्याचं नाव लागलं पाहिजे. नाव कसं लागायचं तो फॉरमॅट तू भर. ओमकारने चाचणीसाठी फॉरमॅटच्या जागी सरळ कडावच्या दूधवाल्याचं नाव टाइप केलं, ‘नागूतात्या’. फोन लावून पाहिला, नाव झळकलं. त्या आनंदात तो जेवायला गेला आणि नाव तिथेच राहिलं. दोन्ही गावांतून कुणीही फोन केला, तरी तो आता नागूतात्यांचा होता.

इकडे नागूतात्यांचा फोन कडावात कुणी उचलत नसे. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला लागले की म्हशीच्या शिंगांपासून शेपटीपर्यंत यायला त्यांना तास लागे.

गोदूबाई सकाळपासून फोनला चिकटून होत्या. त्यांच्या लेकीला, हर्षलाला, कळंबचा नवनाथ मनापासून आवडला होता आणि त्याच्या आईचा होकार फोनवर यायचा होता. फोन वाजला. ‘नागूतात्या’. त्यांनी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. समोरच्या गोठ्यात नागूतात्या दोन्ही हातांनी म्हैस धूत होते.

“पदू, ये रं, बघ! तात्या म्हैस धुतायत नि फोन बी करतायत!”

शेजारचा पदू स्वतःचा फोन घेऊनच धावत आला. “माझ्याकडं पन त्यांचाच! पलीकडच्या जैतूकडं पन, आत्ताच!”

“एका टायमाला तिघांकडं?”

“साधा मानूस नाय हा, वयनी. आमी वळखलंच नाय.”

बघता बघता गोठ्यापुढे चार नारळ जमले. तात्यांना काही कळेना, पण पाया पडणाऱ्याला नको तरी कसं म्हणायचं?

तेवढ्यात हर्षला मोबाइल घेऊन रडवेली बाहेर आली. “आये, काय केलंस गं! नवनाथचा मेसेज आलाय, त्याची आई सारखा फोन लावतेय नि तू कट करतेस! म्हनतात, मुलगा नको असंल तर तसं सांगा, अपमान कशाला?”

“अगं, पन नाव तात्यांचं येतंय!”

हर्षलाच्या डोक्यात प्रकाश पडला. ती ओमकारला लॅपटॉपसकट ओढून घरी घेऊन आली. त्याने स्क्रीन पाहिली आणि कपाळाला हात लावला. “नाव काढायचंच राहिलं! आत्ता बदलतो. फक्त चालू फोन तुटतील.”

तोच फोन वाजला. ‘नागूतात्या’.

“आये, उचल, कळंबच्याच असनार!”

गोदूबाईंनी आवाजात साखर घातली. “नमस्कार विहीनबाई! चुकलं आमचं. मुलगा लाखात एक हाय. तुमी सांगाल तो मुहूर्त!”

पलीकडे म्हैस हंबरली.

“गोदे, मी नागू. सांजचं दूध उशिरा येल, एवढंच सांगायचं व्हतं.”

गोदूबाईंना रडूच फुटलं. त्यांनी सगळं सांगितलं.

“माज्या नावापायी पोरीचं मोडतंय? नंबर दे. मी बोलतो.”

गोंधळात गोदूबाईंनी नंबर दिला आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, तात्या आता विहीणबाईंना अख्खी म्हैस सांगणार.

“दाबू का बटन?” ओमकारने विचारलं.

“नको! बोलता बोलता फोन तुटला तर विहीनबाई आनखी रुसतील!”

मग सगळे बसून राहिले. कळंबचा नंबर लावून पाहावा तर व्यस्त. ओमकारचं बोट बटणावर अवघडलं.

“संपलं,” गोदूबाई म्हणाल्या. “आता शेपटीपर्यंत आले असतील.”

ऊन कलल्यावर दारात मोटारसायकल थांबली. नवनाथ! हर्षला उभीच राहिली.

“काकी, आईचा होकार हाय. फोन बिझी हाय, म्हनून मला पाठवलं.”

गोदूबाईंनी हात जोडले. “आईंना म्हनावं, माफी करा. आमच्या तात्यांना फोन ठेवताच येत नाय.”

“नाय ओ काकी, त्यांनी कवाच ठेवलेला. आईनंच परत लावलाय.”

सगळ्यांनी खिडकीकडे धाव घेतली. गोठ्यात उलट्या बादलीवर तात्या फोन कानाला लावून बसले होते. कडावात आजवर कुणी पाहिलं नव्हतं ते समोर दिसत होतं: नागूतात्या गप्प होते, आणि मान डोलावत ऐकत होते.