डॉक्टर काय म्हणाला?

आपल्या नवऱ्याला इंग्रजी येतं, अशी शिवलीलाबाईंची ठाम समजूत होती आणि गुरुशांत बिराजदारांनी ती तेहतीस वर्षं मोडू दिली नव्हती. पाटबंधारे खात्यात ते हेडक्लार्क होते. 'विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट' आणि 'युवर्स फेथफुली' एवढं इंग्रजी ते डोळे मिटून लिहीत. मधलं इंग्रजी साहेब सांगत.

पुण्याच्या लेकीनं, श्रावणीनं, संक्रांतीला सोलापूरच्या घरी नवा टीव्ही पाठवला आणि ऑस्करचं नामांकन मिळालेल्या चार परदेशी चित्रपटांची यादी दिली. "आई, दोघं नुसत्या मालिका बघू नका. हे बघा आणि कुठला आवडला ते मला सांगा."

आईनं ते फारच मनावर घेतलं. शिवलीलाबाई अक्कलकोटकडच्या. कानडी आणि मराठी दोन्ही फडाफडा बोलायच्या, पण पडद्याखाली पळणारी इंग्रजी अक्षरं त्यांच्या कामाची नव्हती. दर दोन मिनिटांनी त्या विचारायच्या, "अवो, काय म्हनली ती?"

गुरुशांत पहिला शब्द जुळवेपर्यंत ओळ पळालेली असायची. 'मला कळलं नाही' हे वाक्य त्यांना मराठीतही जड जायचं. मग ते माणसांची तोंडं बघून सांगू लागले. दोन पुरुष ओरडले की बांधाचं भांडण, बाई रडली की सासूचा जाच.

"परदेशातबी बांधावरनंच भांडत्यात व्हय!" शिवलीलाबाईंना मोठं समाधान वाटायचं.

असे तीन चित्रपट निभावले. चौथा एका म्हाताऱ्या कोळ्याचा आणि त्याच्या बायकोचा होता. बायको पोट धरून बसली, दवाखान्यात गेली, डॉक्टरनं कागद बघितले आणि काहीतरी बोलला. खाली ओळ आली. नेमकी ही ओळ छोटी होती आणि बराच वेळ थांबली. 'तीन महिने' आणि 'कॅन्सर' हे शब्द गुरुशांतांना लख्ख वाचता आले.

"काय म्हनला डॉक्टर?" शिवलीलाबाईंनी विचारलं. त्यांचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला होता.

गेल्या पावसाळ्यात तिथली गाठ काढली होती. तपासणीचा निकाल यायला नऊ दिवस लागले होते आणि त्या नऊ दिवसांत गुरुशांत नीट झोपले नव्हते. निकाल चांगला आला, तरी बाईंचा हात अधूनमधून तिथं जायचाच.

"गॅस झालाय म्हणतो," गुरुशांत म्हणाले.

एकदा गॅस म्हटल्यावर पुढचं सगळं त्याला धरूनच सांगावं लागलं. कोळ्याच्या बायकोचे केस गेले तेव्हा ते म्हणाले, "उवा. थंड मुलखात फार होतात." शेवटी रिकामा पलंग दिसला, म्हातारा एकटाच होडीत बसून रडत होता. "माहेरी गेली ती," गुरुशांत कसंबसं म्हणाले.

हे सगळं घरातच राहिलं असतं. पण प्राध्यापिका असलेल्या निवेदितानं भवानी पेठेतल्या वाचनालयात कार्यक्रम ठेवला : 'ऑस्करचे चित्रपट, माझं मत'. प्रत्येकाला पाच मिनिटं. शिवलीलाबाई परस्पर नाव देऊन आल्या.

गुरुशांत घाईघाईनं म्हणाले, "अगं, माईकवर बोलावं लागतं."

"मग? भजनात काय मी मुकी बसती?"

ते वाचनालयात धावले. "त्या कोळ्याच्या चित्रपटावर बोलू नका म्हणावं तिला. लोकांनी पाहिलेला नसेल, उगाच कंटाळतील."

"काका, निर्धास्त राहा," निवेदिता म्हणाली. "काल तोच दाखवला आम्ही इथं. सत्तर माणसं होती. काकूंचं नाव सगळ्यात आधी ठेवलंय."

आता बायकोला खरं सांगण्याला पर्याय नव्हता. रविवारी दुपारी त्यांनी घसा खाकरला. शिवलीलाबाई इरकल नेसून आरशासमोर उभ्या होत्या आणि आरशातल्या बाईला नमस्कार करून म्हणत होत्या, "जमलेल्या बंधू-भगिनींनो." गुरुशांतांनी खाकरलेला घसा पाणी पिऊन गप्प केला.

पाच वाजता शिवलीलाबाई माईकपुढं उभ्या राहिल्या.

"मला आवडल्याला पिक्चर कोळ्याचा. त्येच्या बायकोला गॅस हुतो."

सभागृहात खसखस पिकली. बाईंना जोर आला.

"नुसता गॅस! पर गडी दवाखान्याच्या बाकड्यावरनं हलत न्हाय. मग तिच्या डोक्यात उवा हुत्यात, केस काढावं लागत्यात. तर ह्यो बी आपलं डोस्कं भादरून घेतो, बायकोला लाज वाटू नये म्हनून. आन् शेवटाला ती चार दिस माहेराला जाती, तर ह्यो होडीत बसून रडतो! आमच्याकडं बायको माहेराला गेली की गडी काय करत्यात, ते हितल्या बाप्यांनी आपापलं आठवावं. गॅसपायी एवढं करनारा नवरा सोलापुरात दावा, मी त्येला हितंच फेटा बांधती. अवॉर्ड ह्येलाच द्या!"

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पहिल्या रांगेतले निवृत्त शिक्षक सिद्धलिंगप्पा मात्र उठून उभे राहिले. चूक दिसली की लाल शाई काढायची त्यांची सवय गेलेली नव्हती.

"वैनी, तिला कॅन्सर हुता की. ती मेली शेवटी."

टाळ्या थांबल्या. माईकवरचा बाईंचा हात सैल पडला. त्यांनी सत्तर माणसांतून नवऱ्याला शोधलं.

गुरुशांत उठले. "चूक माझी आहे. तिनं बरोबर बघितलं, मीच खोटं सांगितलं."

निवेदितानं सांभाळून घ्यायला म्हटलं, "काका, होतं असं. इंग्रजी फार भरभर जातं."

सुटायला वाट होती. गुरुशांतांनी ती घेतली नाही. "बाकीच्या तीन चित्रपटांचं इंग्रजी मला कळलंच नाही," तेहतीस वर्षांची अब्रू त्यांनी एका दमात खाली ठेवली. "पण डॉक्टर बोलला तेवढं कळलं होतं. ते हिला सांगवेना."

शिवलीलाबाईंनी माईक पुन्हा तोंडाजवळ घेतला.

"म्हंजे ती परत येतच न्हाय?"

"नाही."

"मग माझं मत बदललं," त्या म्हणाल्या. "अवॉर्ड दुसऱ्याला द्या." आणि खाली उतरल्या.

घरी आल्यावर इरकल न बदलताच त्यांनी कपाटातून दवाखान्याची फाइल काढली आणि नवऱ्यापुढं ठेवली.

"ह्येच्यात काय लिहिलंय? वाचा."

गॅस, उवा आणि माहेर एवढं सांगून झाल्यावर ह्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार? ओळीखाली बोट धरून गुरुशांत वाचू लागले. एकेक शब्द मराठीत सांगत गेले आणि अडले तिथं चक्क म्हणाले, "हा मला येत नाही." घामानं चष्मा धुरकटला. "गाठ साधी. कॅन्सर नाही. अगं, खरंच नाही. पाहिजे तर उद्या डॉक्टरांकडं जाऊ. ते सांगतील, माझं नको ऐकूस."

"ठावं हाय मला," शिवलीलाबाई म्हणाल्या. "नर्सबाईनं निकाल आल्या दिवशीच कानडीत सांगितलं हुतं."

गुरुशांतांनी फाइल मिटली. "मग मला का वाचायला लावलंस?"

"खरं सांगताना तुमचं तोंड कसं दिसतं, ते एकदा बघून ठेवायचं हुतं. फुडं उपेगी पडंल."

"मग? कसं दिसतं?"

"भ्याल्यावानी," त्या म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढला, ठेवणीतल्या इरकलच्या पदरानं दोन्ही काचा स्वच्छ पुसल्या आणि परत जागेवर बसवला. "हात धुवा आता. वाढती."