कोणालाच नाही म्हणायचं नाही

दिपमाला पाटील दर शनिवारी दुपारी जळगावातल्या आपल्या घरून छोट्या व्यावसायिकांना ‘नवं कसं सुचतं’ हे ऑनलाइन शिकवायची. पहिल्या अर्ध्या तासाचा नियम एकच: कोणाच्याही कल्पनेला नाही म्हणायचं नाही. सुचेल ते लिहायचं. पारख दुसऱ्या अर्ध्या तासात. तेव्हा चाळणी लावायची आणि निम्म्याहून जास्त टाकून द्यायचं.

त्या शनिवारी दुसरा भाग असा रंगला, की एकानेही मध्ये तोंड उघडलं नाही. एरंडोलचा आचारी तोताराम तर हनुवटीवर हात ठेवून जराही हलला नाही. त्या एकाग्रतेवर खूश होऊन दिपमालाने चुलतबहिणीच्या लग्नाचा स्वयंपाक त्यालाच मिळवून दिला. "काका, माझा विद्यार्थी आहे. डोळे झाकून द्या," असं तिने प्रेमराजकाकांना सांगितलं.

लग्नात पहिली पंगत बसली आणि जेवणाऱ्यांचे हात ताटातच थांबले. वराकडच्या एका नानांनी शेवभाजीतून गुलाबजाम वर काढला होता आणि ते त्याच्याकडे नुसते बघत होते.

"भरीत नाही का वाढलं?" कोणीतरी विचारलं.

"वाढलं ना," वाढपी म्हणाला. "ती कुल्फी खाऊन बघा."

वधूचे वडील प्रेमराजकाका दिपमालाजवळ आले. "दिपू," ते म्हणाले, "भरिताला काडी टोचलीय गं!"

ती धावतच भटारखान्यात गेली. तोतारामचा चेहरा फुलला आणि तो अहिराणीत सुरू झाला. "मॅडम! बठ्ठं तुमनंच शिकाडेल शे! ज्यानी जे सांगं ते लिखी लिधं, आन् बठ्ठं रांधं. कोन्लेच नही म्हनं नही!"

"अहो, पण नंतर निवडायचं असतं! अर्धा तास तेच तर ओरडत होते मी!"

"कव्हय? तुम्ही ‘आता मुद्द्याचं’ म्हनात, आन् फोनवर नुसतं चाक फिरी राहिनं. माले वाटनं, क्लास सरना."

दिपमाला मटकन गव्हाच्या पोत्यावर बसली. नेट तिचंच गेलं होतं; अर्धा तास ती थिजलेल्या फोटोंना शिकवत होती!

मग पदर खोचून उठली. "गुलाबजाम वेचा. कुल्फी बंद. आणि हे काय?"

"कच्च्या केळ्यासना ठेचा."

"केळ्याचा ठेचा? फेका आधी!"

तोतारामने पातेलं उचललं. तेवढ्यात नवरदेवाची आजी, तानुबाई, ताट घेऊन थेट आत आली. "ओ भाऊ, हाऊ ठेचा कोनी करा? आखो वाढ!" तिच्यामागे ताटं घेऊन आणखी पाच-सहा जण.

तोताराम पातेलं धरून तसाच उभा. "मॅडम... फेकू का?"

दिपमालाने बोटाने जरासा ठेचा चाटला. डोळ्यांतून पाणी आलं. तिखट होताच, पण न चाखताच तो फेकायला निघाल्याची लाजही होती. तिने एक ताट उचललं आणि गुपचूप रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.