नानांची खारी घोळ

चाळीसगावात समुद्र नाही, पण आमच्या शेजारच्या नानांच्या ओट्यावर तो रोज सकाळी तांब्यात कालवला जाई. पाण्यात मीठ टाकायचं, बोट बुडवायचं, जिभेला लावायचं. "भाऊ, आज समुद्र फिका शे," म्हणत आणखी चिमूटभर. मग ते पाणी फुटक्या घमेल्यातल्या रोपाला.

आयुष्यभर सायकली दुरुस्त करणारे नाना कोकणात एकदाच गेले, बायकोला, म्हणजे अक्कांना घेऊन. लाटा आपटतात त्या खडकाच्या भेगेतून हे रोप आणलं. जाड पानं, चांदणीसारखी गुलाबी फुलं. पुढे अक्का गेल्या, रोप राहिलं. उन्हाळ्यात नाना त्याच्यासमोर टेबलफॅन लावत आणि स्वतः घाम पुसत बसत. "खडकावरनं शे. त्याले वारा लागस."

चार वर्षांपूर्वी ते आठ दिवस लेकीकडे नाशिकला गेले, तेव्हा घमेलं माझ्या अंगणात आलं. तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "अंगणातली घोळ भाजीला काढू का?" मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "काढ."

दुपारी डाळ घातलेली भाजी आली. दोन भाकरी खाऊन मी म्हणालो, "मीठ जरा जास्त झालं."

"घालायचंच विसरले," ती म्हणाली.

मी तसाच उठून अंगणात गेलो. घमेल्यात मूळसुद्धा उरलं नव्हतं.

नाना परतल्यावर मी गल्लीतल्या बकरीचं नाव सांगितलं. तेव्हापासून ती दिसली की नाना ओरडत, "चोट्टी! मना बठ्ठा समुद्र खाई गयी!" बकरी बिचारी शेपूट हलवी. मी घरात जाई.

आता मी शहात्तर वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात ओट्यावर जाऊन एका दमात सांगून टाकलं. "नाना, बकरीने नाही, आम्ही खाल्लं. घोळ समजून."

शिव्यांची तयारी ठेवली होती. नानांनी हातातला पाना खाली ठेवला.

"कशी लागनी?"

"दोन भाकरी खाल्ल्या, नाना."

मग नाना म्हणाले, "खडकावर अक्काबी हाईच म्हने. घोळ शे, घर जाईसन भाजी करसू. मी बठ्ठासमोर हसनू तिले. परत तिनी नाव काढं नही."

मी मान खाली घातली.

"डाय कोनती टाकी व्हती?"

"मुगाची."

"तीबी मुगनीच टाकती," नाना म्हणाले.