हुसेनभाईंचं ग्राफिक्स कार्ड

"कसं काय हुसेनभाई, बरं आहे ना?" असं विचारल्यावर आकड्यात उत्तर देणारा माणूस साऱ्या भोरात एकच होता.

"चार."

नवखा माणूस गोंधळायचा. मग हुसेनभाई चष्मा कपाळावर सरकवून खुलासा करायचे, "सेकंदाला चार चित्रं. मान्साच्या डोळ्याला चोवीस तरी लागत्यात, तवा कुठं गाडी पळल्यावानी दिसती. आमची बेडकावानी उड्या मारती." आणि जरा वेळानं, आणखी खचून, "काल पाच व्हती."

हुसेनभाई अत्तार यांचं एसटी स्टँडच्या मागं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मी मूळचा विंझरचा, भोरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलो आणि त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहिलो. नव्या शतकाची चार-पाच वर्षं झाली असतील. लोक बिघडलेला टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा घ्यायला लागले होते. हुसेनभाईंना रिकामा वेळ खूप. पोट फाडून ठेवलेल्या टीव्हींच्या मधोमध एक कॉम्प्युटर होता, आणि त्या कॉम्प्युटरनं या भल्या माणसाचा जीव खाल्ला होता.

त्यात लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे फुकट वाटली जाणारी, कुणीही उघडून आतलं बघावं अशी सिस्टिम. भोरात बाकी सगळ्यांकडं विंडोज, आणि तेही मित्राच्या सीडीवरून उतरवलेलं. हुसेनभाईंना ते मंजूर नव्हतं. "चोरीचा माल आपल्या घरात न्हाई," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. लिनक्सवर त्यांना फक्त एक गाड्यांच्या शर्यतीचा गेम चालवायचा होता. तो चालत नव्हता. गाडी बेडकासारखी चार उड्या मारायची, पहिल्या वळणावर रस्ता सोडायची आणि पडदा गोठून बसायचा. मग बटण दाबून सगळं बंद, परत चालू.

दोष ग्राफिक्स कार्डाचा. म्हणजे कार्ड धड होतं, पण लिनक्सला ते वापरता येत नव्हतं, कारण बनवणारी कंपनी आतली गोष्ट सांगत नव्हती. याचा हुसेनभाईंना फार संताप. "पयल्या टायमाला टीव्हीच्या डब्यात सर्किटचा नकाशा चिकटवल्याला असायचा, सर. बिघडला तर कुनीबी दुरुस्त करावा. ह्यांनी कार्ड इकलं आन् नकाशा ठिवला खिशात!"

एक हुकूम टाईप केला की कॉम्प्युटर इंग्रजीत उत्तर द्यायचा, 'डायरेक्ट रेंडरिंग: नो.' म्हणजे चित्रं काढायचं काम कार्ड करत नाही, बिचारा प्रोसेसर एकटाच ओढतोय. हुसेनभाई रोज सकाळी दुकान उघडून आधी तो हुकूम टाकत. मग माडीकडं तोंड करून ओरडत, "नो म्हनतंय, सर! बैल गोठ्यात रवंथ करतोय आन् मालक औताला जुपलाय!"

एकदा खालून वर्दी आली, "आज कर्नल बसवतोय, दिवसभर हाक मारू नका." मला वाटलं मिलिटरीतला कुणी पाहुणा आलाय. मी इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेलो. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा निघाला. तो नव्यानं तयार करायला त्या जुन्या यंत्रावर सहा तास लागायचे, आणि भोरात सलग सहा तास लाईट राहायची नाही. भारनियमनाचे दिवस. पाचव्या तासाला लाईट गेली. हुसेनभाई काळ्या पडद्यासमोर हात जोडून बसले. लाईट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "राहिलंय तिथून पुढं नाही का होत?" तर म्हणाले, "अर्धकच्ची भाकर परत तव्यावर टाकत न्हाईत, सर." त्या आठवड्यात तो कर्नल चार वेळा धारातीर्थी पडला.

माझी नेमणूक इंग्रजीवर. परदेशातल्या जाणकारांना कॉम्प्युटरवर पत्रं पाठवायची सोय होती. ती पत्रं मी लिहायची आणि स्टँडजवळच्या सायबर कॅफेतून धाडायची. मला येणारं इंग्रजी रजेच्या अर्जाचं. मी 'रिस्पेक्टेड सर'पासून सुरुवात करून 'युवर्स ओबिडियंटली'वर थांबायचो. उत्तरं यायची, आधी पुस्तक वाचा. आम्ही वाचलं. मग आलं, ते कार्ड आता जुनं झालं, नवीन घ्या.

हुसेनभाईंनी त्या उत्तराचा छापून आणलेला कागद चार वेळा माझ्याकडून वाचून घेतला. "जुनं झालं म्हंजी मेलं का?" एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं.

हे असं तीन वर्षं चाललं. शेवटी मलाच सहन होईना. एका रविवारी ते मयतीसाठी कामथडीला गेले होते. मी शाळेतल्या सहकाऱ्याकडून विंडोजची सीडी आणली. म्हटलं, आपण दोन तासांत सगळं पुसून नवं टाकू. माणूस घरी येईल तर गाडी पळत असेल. चोरीचं पाप माझ्या डोक्यावर. मी सीडी आत घालणार तोच आतल्या दारातून भाभी आल्या. जैनबभाभी फार बोलायच्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला.

"पुसू नगा, सर. त्यात रुबी हाय."

रुबिना ही त्यांची एकुलती एक पोरगी. मी भोरात यायच्या आधी पुण्यात इंजिनिअरिंग शिकत होती, एवढंच मला ठाऊक होतं. पुढचं भाभींनी सांगितलं. कॉम्प्युटर तिनंच जुळवला, लिनक्स तिनंच घातलं. सुट्टीत बापलेक खुर्चीला खुर्ची लावून शर्यत खेळायचे. मग तिनं कुणाला न विचारता कोर्टात लग्न केलं. सांगायला घरी आली आणि आठ दिवस राहिली. हुसेनभाई तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ती आठ दिवस कॉम्प्युटरपुढं बसून काहीतरी करत होती. नवव्या दिवशी हे म्हणाले, "हा उंबरा परत चढू नगंस." ती गेली.

"लई रागात व्हते. दोन म्हैनं त्या डब्याला हात न्हाई लावला," भाभी म्हणाल्या. "मग उघडला तर गेममदी नवा रस्ता. त्याला नाव दिल्यालं, 'अब्बासाठी'. चालवून बघायच्या आत त्याच सांजंला इज पडली, आन् कार्ड जळालं. दुसरं आणलं त्ये ह्ये असं."

मी सीडी खिशात घातली. हुसेनभाईंना यातलं काही कळू दिलं नाही.

पुढच्या वर्षी लिनक्सची नवी आवृत्ती आली. जगाच्या पाठीवर कुणीतरी, कंपनीच्या नकाशाशिवाय, नुसतं चाचपडत त्या जुन्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला कामाला लावणारा प्रोग्राम, लिहिला होता. सीडी पुण्याहून मीच आणली. हुसेनभाईंनी रुबीची सारी कामं आधी तीन ठिकाणी उतरवून ठेवली आणि मगच नवी सीडी घातली. सकाळी अकराच्या सुमाराला हुकूम टाकला. पडद्यावर आलं, 'येस'.

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त भाभींना हाक मारली, "जैनब, ये हितं. बस."

रस्ता सुरू झाला तो दुकानापासून. अत्तार टीव्ही सेंटरची पाटी, अक्षरं वाकडीतिकडी. गाडी पाण्यासारखी चालली. स्टँड, नदीवरचा पूल. "आगं बाई, आपला पूल!" भाभी म्हणाल्या. कापूरहोळचं वळण, मग हायवे. रोज कॉलेजला जाताना एसटीच्या खिडकीतून तिनं पाहिलेलं एकेक झाड जागच्या जागी. हुसेनभाई हळू चालवत होते. रस्ता पुण्याकडं चालला होता, तिच्या घराकडं, आणि शेवटी तिथं काय असेल हे आम्हा तिघांच्याही मनात होतं. कामथडी आली. शाळा, एक विहीर. आणि रस्ता संपला. पुढं नुसता राखाडी रंग. गाडी त्यात घरंगळत खाली गेली.

त्यांनी परत चालवली. परत कामथडी, परत राखाडी. तिसऱ्यांदा चालवायला लागले तेव्हा भाभी उठल्या.

"पोरीला येळच कुठं दिला तुमी," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

दुपारी हुसेनभाई माडीवर आले. म्हणाले, "सर, एक पत्र लिवा. ह्ये मराठीत. 'रस्ता कामथडीला सपतोय. पुढचा करायला ये.' बास." रुबीचा कॉलेजातला ई-मेलचा पत्ता त्यांच्यापाशी होता. मी पाठवलं. असा पत्ता आता अस्तित्वात नाही, म्हणून ते जसंच्या तसं परत आलं. मग ते स्वतः पुण्याला जाऊन आले. लग्नानंतर ती राहायची त्या खोलीला दुसऱ्याच कुणाचं कुलूप होतं. शेजारी म्हणाले, ती दोघं बंगलोरला गेली, का आणखी कुठं. पत्ता ठेवला नाही.

त्यानंतर ते दुकानात कमी दिसायला लागले.

एका शनिवारी मी पुण्याला निघालो होतो. हायवे रुंद करायचं काम चाललं होतं, दोन्ही बाजूंची झाडं पाडलेली. कामथडीच्या पुढं एसटी गर्दीत थांबली आणि खिडकीतून मला हुसेनभाई दिसले. हातात वही, काखेत टेप. मी उतरलो.

"इथं कुठं, हुसेनभाई?"

त्यांनी वही दाखवली. वड एक, चिंचा तीन, मैलाचा दगड, पुढं डावीकडं चढ. बारीक पेन्सिलीनं अंतरं लिहिलेली. गेममध्ये रस्ता कसा करायचा हे ते पुस्तकातून शिकले होते.

मी आजूबाजूला पाहिलं. "अहो, पण इथं वड कुठाय? नुसता बुंधा राहिलाय."

"तोडू द्या त्यांना," ते म्हणाले. "पोरगी येत-जात व्हती तवा हुबा व्हता. तिला वळखू आला पायजे." मग टेपचं टोक माझ्याकडं करून, "जरा धरता का, सर? एकट्याला लई खाली वाकावं लागतं."

मी बुंध्यापाशी टोक धरून बसलो. माझी एसटी निघून गेली. हुसेनभाई टेप सोडत पुढच्या बुंध्याकडं चालत गेले. पुणं अजून चाळीसेक किलोमीटर होतं.