पर्यायी वाहनाचे कलम

एखाद्या वस्तूची माणसाला किती सवय लागली आहे, हे ती वस्तू जवळ असताना मोजता येत नाही. ती गेल्यावरच मोजता येते. हे सत्य विमा कंपन्यांनी फार पूर्वी ओळखले, आणि त्यावर हप्ता आकारायला सुरुवात केली.

सुरतेच्या बमरोली भागातल्या वाल्मिकभाऊंना हे सत्य १९९६ साली कळले. वाल्मिकभाऊ खानदेशातून सुरतेला आले ते दुसऱ्याच्या लूमवर कापड विणायला. पुढे स्वतःचे आठ लूम झाले, आणि आठ लूम झालेल्या माणसाने जे करायचे ते त्यांनी केले, म्हणजे जुनी फियाट घेतली. विमा उतरवला एजंट पंडितने. पंडित त्यांच्याच गावचा असल्यामुळे त्याने काय उतरवले हे वाचून पाहणे असभ्यपणाचे ठरले असते. त्याने थोडे वरचे पैसे घेऊन पॉलिसीत एक जादा कलम घालून दिले. कंपनी ते त्या वर्षी प्रायोगिक तत्त्वावर देत होती. नाव होते 'पर्यायी वाहन भाडे-भरपाई'.

"भाऊ, गाडी ठोकली गेली, गॅरेजला पडली, तर तोवर भाड्याची गाडी फिरवायची. भाडं कंपनी देईल," पंडित म्हणाला.

"आणि नाही ठोकली तर?"

"तर कलम वाया. पण आतापासून इतकं वाईट कशाला बोलता?"

कलम वाया गेले नाही. आखाजीला आठवडा असताना साड्यांच्या गठड्यांनी भरलेला एक टेम्पो पांडेसऱ्यात मागे येता येता फियाटच्या तोंडावर बसला. (टेम्पोवाल्याने मागे पाहिले नव्हते, कारण मागे गठडे होते.)

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशातल्या लेकी त्या दिवशी माहेरी जातात. यंदा आपण स्वतःच्या गाडीतून उतरणार, हे वाल्मिकभाऊंच्या पत्नी सरलाबाईंनी माहेरच्या सगळ्या गावाला कळवून ठेवले होते. त्याला कारण त्यांची चुलत बहीण चंचल. चंचल मागच्या आखाजीला नवऱ्याच्या जीपमधून उतरली होती, आणि उतरल्यावरही बराच वेळ जीपजवळच उभी होती.

वाल्मिकभाऊ विमा कार्यालयात गेले. तिथले देसाईसाहेब कमालीचे सज्जन. चहा मागवल्याशिवाय ते कोणाला नकार देत नसत. त्यांनी कलम समजावून सांगितले. भाडे आधी आपण भरायचे, भरपाई मागून (म्हणजे ज्याला पैशाची गरज नाही त्यालाच ते मिळतात, आणि गैरवापर टळतो). पेट्रोल धरायचे नाही (गाडी भाड्याने घेतली असे गृहीत आहे, हलवली असे नाही). पहिला दिवस वगळायचा (त्या दिवशी माणूस धक्क्यात असतो, कुठे जात नाही). गाडी आपल्या गाडीच्या तोडीची हवी. डाव्या दाराला सुतळी बांधलेली फियाट सुरतेत भाड्याने मिळत नाही, हे वाल्मिकभाऊंनी नम्रपणे निदर्शनास आणले. देसाईसाहेब म्हणाले, चांगली घ्या, पण फरक तुमचा. विम्याचा हेतू माणसाचे नुकसान भरून काढण्याचा आहे, माणसाला वर काढण्याचा नाही. शेवटी, पावती परवानाधारक भाडेवाल्याचीच हवी.

"समजलं, साहेब."

"समजी गया? बहु सरस! अमने तो हजी नथी समजायुं," देसाईसाहेब म्हणाले. त्यांना स्वतःला ते अजून समजले नव्हते, आणि हे ते मोकळेपणाने सांगत.

परवानाधारक भाडेवाला घरातच होता. सरलाबाईंचा भाऊ सुपडू बारडोलीला मारुती व्हॅन भाड्याने चालवायचा. धंद्यात तो इतका चोख की स्वतःच्या लग्नात वरात नेल्याची पावतीही त्याने सासऱ्याच्या नावाने फाडली होती.

"दाजी, काळजीच सोडा. सकाळी व्हॅन दारात," सुपडू म्हणाला.

"भाडं किती?"

सुपडूला वाटले, आपल्याला नीट ऐकू आले नाही.

"भाडं, आणि पावती," वाल्मिकभाऊंनी स्पष्ट केले.

सुपडू उठून थेट स्वयंपाकघरात गेला. "ताई, हाई काय आयकी ऱ्हायनू मी? दाजी माले पैसा दखाडतस!"

सरलाबाई लाटणे घेऊनच बाहेर आल्या. "मना भाऊनी गाडीमा बसानं, आनि पावती फाडानी? त्यापेक्षा मी पायी जासू!"

"मग दुसऱ्या कोणाची गाडी करतो."

हे तर फारच वाईट होते. भावाच्या दारात व्हॅन उभी असताना बहीण परक्याच्या गाडीतून उतरली, तर भावाबहिणीचे बोलणे बंद आहे, असेच गाव धरून चालले असते. आणि भावाची गाडी फुकट घ्यावी, तर खर्च नाही. खर्च नाही तर भरपाई नाही. आणि हप्ता मात्र भरलेला. वाल्मिकभाऊंना फुकट मिळणाऱ्या गाडीचे दुःख नव्हते. विकत घेतलेले कलम फुकट जाते आहे, याचे होते.

मार्ग सरलाबाईंनीच काढला. आखाजीला भाऊ बहिणीला काहीतरी देतोच. त्याने दाजींकडून भाडे घ्यावे, आणि तेच बहिणीच्या ओटीत घालावे. त्याप्रमाणे सुपडूने तोंड भिंतीकडे करून नोटा घेतल्या, पावती फाडली, वळून त्याच नोटा बहिणीला दिल्या, आणि बहिणीने त्या कनवटीला लावल्या. (पुढे व्याऱ्याजवळ पेट्रोल भरायला वाल्मिकभाऊंनी त्यातली एक मागितली, तेव्हा 'माहेरचं आहे ते' असे उत्तर मिळाले.)

व्हॅन नंदुरबारकडच्या माहेरच्या गावात शिरली तेव्हा चंचल आधीच जीपजवळ उभी होती.

"कोनी गाडी शे?" सुपडूची व्हॅन ओळखूनही तिने विचारले.

"आमनी गाडी गॅरेजमा शे," सरलाबाई शांतपणे म्हणाल्या. "हाई विमावालासनी धाडेल शे."

गाव व्हॅनभोवती गोळा झाले. एक गाडी कोणाकडेही असू शकते. पण एक मोडली की कंपनी आपणहून दुसरी पाठवते, असा माणूस तालुक्यात नव्हता. चंचलची जीप सहा वर्षांत एकदाही मोडली नव्हती, आणि त्या संध्याकाळी प्रथमच तिच्या नवऱ्याला हे लाजिरवाणे वाटले.

सुरतेला परतल्यावर वाल्मिकभाऊंनी दावा दाखल केला, आणि प्रामाणिक असल्यामुळे नोटांचा प्रवासही सांगितला. देसाईसाहेबांनी दोन चहा घेऊन विचार केला. पैसे खर्च झाले नवऱ्याचे, आले बायकोकडे; आणि बायकोकडे गेलेली रक्कम नवऱ्याला परत मिळाली असे कंपनी मानत नाही, कारण तसा एकही दाखला नाही. दावा मंजूर झाला. मग दिवस मोजले. फियाट गॅरेजमध्ये तीन आठवडे होती. पण भरपाई दुरुस्ती चालू असलेल्या काळाचीच, आणि हातोडा प्रत्यक्ष चालला तो फक्त एकच दिवस. बाकीचा काळ गाडी रेडिएटरची आणि तपासनिसाची वाट पाहत होती. त्या एका दिवसातून नियमाप्रमाणे पहिला वगळला. शून्याचा धनादेश काढता येत नाही, म्हणून दावा मंजूर झाल्याबद्दल अभिनंदनाचे पत्र आले.

ते पत्र सरलाबाईंनी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावले.

पुढच्या वर्षी पंडितकडे त्या कलमासाठी रांग लागली. कलम गाडीशिवाय मिळत नाही, असे कंपनीने कळवले. लोकांनी शांतपणे विचार केला, आणि त्यांच्या लक्षात आले की कलमाचीही गरज नाही आणि गाडीचीही नाही. गॅरेज पुरेसे आहे. त्या आखाजीला बमरोलीत राहणारे चौतीस जावई एसटीने सासरवाडीला पोचले. पैकी एकोणतीस जणांची गाडी गॅरेजमध्ये होती. (बमरोलीत गॅरेजे दोन. दोन्हींत मिळून गाड्या मावतात पाच.) या आकड्यांचा मेळ कोणी घालून पाहिला नाही, कारण विचारणाऱ्याचीही गाडी तिथेच होती.

तुम्हाला हे लोक भोळे वाटले असतील. हरकत नाही. पण मागच्या लग्नाला तुम्ही हॉलच्या दारात रिक्षातून उतरलात, तेव्हा कोणी काही विचारण्याआधीच तुम्ही आपणहून काय सांगितलेत, तेवढे आठवून पाहा. यजमानांनीही मान डोलावली होती. गॅरेजमध्ये जागा कमी आहे. थोडे सरकून घ्यावे लागेल.